परसातील कोंबड्या आणि वाड्यावरची मर : गोव्यात नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

परसात दहा-बारा कोंबड्या पाळायच्या असे ठरवणारा माणूस आधी खुराड्याचा, मग खाद्याचा आणि सर्वांत शेवटी रोगाचा विचार करतो. हा क्रम उलटा असायला हवा. खुराडे थोडे वाकडे बसले किंवा खाद्य एखाद्या दिवशी कमी पडले तर कोंबडी सांभाळून घेते, पण मानमोडी, म्हणजे राणीखेत हा रोग, एकदा परसात शिरली की आठ-दहा दिवसांत सगळे खुराडे रिकामे करून जाते. पुढचे लेखन पाच ते पन्नास कोंबड्या मोकळ्या सोडून पाळणाऱ्यांसाठी आहे. ब्रॉयलरच्या बंदिस्त शेडची व्यवस्था वेगळी असते आणि तिचे नियम परसात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

गोव्यातील वाड्यांवर बहुतेक कुंपणे गुरांसाठी आणि माणसांसाठी असतात, कोंबड्यांसाठी नसतात. सकाळी खुराड्याचे दार उघडले की त्या माडांच्या आळ्यांत उकरत, पोफळींच्या सावलीतून, मेरेच्या कडेने शेजाऱ्याच्या परसात जातात आणि तिथल्या कोंबड्यांबरोबर त्याच डबक्यातले पाणी पितात. म्हणून तुमच्या बारा कोंबड्या हा वेगळा कळप नसतो. वाड्यावरच्या सगळ्या घरांच्या कोंबड्या मिळून एक कळप असतो. रोग टाळायचा तर विचार त्या मोठ्या कळपाचा करावा लागतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल.

हे मी पैसे मोजून शिकले. पेडणे तालुक्यातील आमच्या घरी एका वर्षी पावसाच्या तोंडावर आठवड्याच्या बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या कोंबड्यांत सोडल्या. दोन्ही चांगल्या भरलेल्या होत्या. एकीचे डोळे किंचित पाणावलेले होते, पण प्रवासामुळे असेल असे वाटले. सहाव्या दिवशी जुन्यांपैकी दोन पंख पाडून बसल्या, आठव्या दिवशी एक मान पाठीकडे वळवून गोल फिरू लागली, आणि महिना संपला तेव्हा सतरांपैकी तीन उरल्या. शेजारच्या काकींच्या नऊ गेल्या त्या वेगळ्याच. त्या मला काही बोलल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "गो बाय, पुढच्या खेपेस आणशील तेव्हा सांग, मी माझ्या कोंडून ठेवीन."

पहिली पायरी : रोग कोणत्या वाटेने येतो ते पाहणे

रोग वाऱ्यावर येतो असा एक समज आहे. काही रोग हवेतून थोड्या अंतरावर पसरतात हे खरे, पण परसातील कोंबड्यांपर्यंत रोग बहुधा एखाद्या वस्तूला किंवा जिवाला चिकटून येतो, आणि ती वस्तू बऱ्याचदा आपणच घरात आणलेली असते. आजारी कोंबडीच्या विष्ठेत, नाकातोंडातील स्रावात आणि पिसांवर विषाणू असतात. ती विष्ठा चपलेच्या तळाला, स्कूटरच्या चाकाला, कोंबड्या आणलेल्या हाऱ्याला, दुसऱ्याच्या शेडमधून आणलेल्या खाद्याच्या गोणीला किंवा अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेला लागून तुमच्या परसात येते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारख्या ठिकाणी अनेक गावांचे पक्षी, टोपल्या आणि माणसे काही तास एकत्र येतात आणि संध्याकाळी पुन्हा अनेक गावांत पांगतात. बाजाराला जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही, पण तिथून आल्यावर चपला बाहेर ठेवून आणि हातपाय साबणाने धुऊन मगच खुराड्याकडे जावे.

एक वाट मात्र जवळजवळ कोणाच्याच लक्षात येत नाही. रविवारी दुकानातून आणलेली कोंबडी धुतलेले पाणी, तिची कातडी, आतडी आणि पिसे आपण मागच्या दारी केळीच्या बुंध्याशी टाकतो, आणि घरच्या कोंबड्या धावत येऊन ती टिपतात. कापलेली कोंबडी निरोगी दिसत असली तरी तिच्यात रोगाची सुरुवात झालेली असू शकते. हे पाणी कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी ओतावे आणि अवशेष खड्ड्यात पुरावेत. उष्ट्यांबरोबर कच्चे मांस किंवा कच्च्या अंड्यांची कवचे कोंबड्यांना घालू नयेत; कवचे घालायचीच असतील तर उकळून, वाळवून, चुरून घालावीत.

राखणदाराला (गावच्या रक्षक देवाला) देण्यासाठी किंवा जत्रेच्या निमित्ताने आणलेला कोंबडा चार-सहा दिवस घरी बांधून ठेवण्याची पद्धत आहे. तो नेमका घरच्या कोंबड्यांच्या पाण्याजवळ बांधला जातो; त्याला गोठ्यात किंवा पुढच्या अंगणात वेगळे ठेवणे काही कठीण नाही. झुंजींना नेऊन परत आणलेल्या कोंबड्याचा धोका याहून मोठा असतो, आणि झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

दुसरी पायरी : खुराडे

कोंबड्या दिवसा मोकळ्या असल्या तरी रात्रीचे दहा-बारा तास त्या एकमेकींना चिकटून, एकमेकींचा श्वास घेत आणि स्वतःच्या विष्ठेच्या वर बसतात. खुराड्यावर खर्च करायचा तो यासाठी. जमीन दोन-अडीच फूट उंच असावी. चिऱ्यांचे जोते उत्तमच, पण बांबू किंवा लाकडी पट्ट्यांचा उचललेला तळही चालतो, आणि त्याखाली पडलेली विष्ठा रोज ओढून काढता येते. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून तिरपा येतो, म्हणून दार आणि जाळी शक्यतो पूर्वेकडे ठेवून पश्चिमेच्या बाजूला पूर्ण भिंत किंवा खाली सोडता येणारा ताडपत्रीचा पडदा असावा. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. त्याहून मोठ्या भोकांतून चिमण्या आत येऊन खाद्य खातात आणि त्यांच्याबरोबर बाहेरचे काहीबाही आत येते. फक्त रात्रीच्या निवाऱ्यासाठी प्रत्येक कोंबडीला सव्वा ते दीड चौरस फूट जागा पुरते.

खुराड्यासाठी एक वेगळा चपलांचा जोड ठेवावा आणि तो घालून दुसरीकडे कुठेही जाऊ नये. मोठ्या फार्मच्या दाराशी जंतुनाशकाची पायधुणी असते तशी परसातही ठेवावी असे सांगितले जाते, पण जूनमध्ये उघड्यावर ठेवलेल्या तसल्या तबकात तासाभरात नुसते पावसाचे पाणी उरते. छपराखाली जागा असेल तर ती जरूर ठेवावी आणि पाणी रोज बदलावे. नसेल तर वेगळ्या चपला त्याहून भरवशाच्या आहेत.

तिसरी पायरी : नवे पक्षी आणणे

सुरुवात एक दिवसाच्या पिलांपासून केली तर रोग आणण्याची शक्यता सर्वांत कमी असते. जुने गोवे येथील एला भागात भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, आणि राज्याचे पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा संचालनालय पणजीत पाटो येथे आहे. पिले कधी आणि कुठे उपलब्ध होतील याची चौकशी या दोन्ही ठिकाणी किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. परसासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती अनेकांच्या परिचयाच्या आहेत. गावठी कोंबडी चपळ असते आणि रवणीला (अंडी उबवायला) चांगली बसते, पण ती काटक असते म्हणून तिला मानमोडी होत नाही हा समज निव्वळ चुकीचा आहे. लस न दिलेल्या गावठी कोंबड्याही तितक्याच मरतात.

मोठे पक्षी विकत किंवा भेट म्हणून आले तर ते कितीही निरोगी दिसले तरी किमान २१ दिवस, आणि जमल्यास महिनाभर, वेगळे ठेवावेत. राणीखेतचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा पाच-सहा दिवस जातात, पण पंधरा दिवसही लागू शकतात. म्हणून "चार दिवस बघू" हा हिशेब अपुरा पडतो. वेगळे ठेवणे म्हणजे त्याच खुराड्यात मध्ये जाळी लावणे नव्हे. मांगर, गोठ्याचा रिकामा कोपरा किंवा घराच्या दुसऱ्या बाजूची पडवी अशी जागा निवडावी, त्यांची भांडी वेगळी ठेवावीत, आणि दाणापाणी आधी जुन्या कोंबड्यांना व शेवटी नव्यांना द्यावे. अलगीकरण संपताना त्यांच्यात एखादी जुनी, कमी मोलाची कोंबडी आठवडाभर सोडून पाहण्याची युक्ती मला आवडते. नव्या पक्ष्यांत लपलेले काही असेल तर ते एका कोंबडीत दिसते, सतरा कोंबड्यांत नाही.

चौथी पायरी : लसीकरण, आणि तेही वाड्याने मिळून

राणीखेत हे नाव उत्तराखंडातील गावावरून पडले. मराठीत तिला मानमोडी म्हणतात आणि जगभर हा रोग न्यूकॅसल या नावाने ओळखला जातो. तो विषाणूजन्य आहे, त्यावर औषध नाही आणि लस न दिलेल्या कळपात जवळजवळ सगळे पक्षी दगावू शकतात. मात्र याच रोगावरची लस स्वस्त, जुनी आणि खात्रीची आहे. म्हणून परसातल्या माणसाने एकच गोष्ट नीट करायची ठरवली, तर ती ही असावी.

सर्वसाधारण वेळापत्रक असे असते. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की राणीखेतच्या लासोटा किंवा एफ-१ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या पिलांच्या विषाणूजन्य रोगाची लस असते. विकत आणलेल्या सुधारित जातींच्या पिलांना ती द्यावीच, घरच्या रवणीच्या पिलांबाबत डॉक्टरांना विचारावे. चौथ्या आठवड्याच्या शेवटी लासोटाची दुसरी मात्रा, सहा ते आठ आठवड्यांत पंखाच्या पातळ पडद्यात टोचून देवीची लस, आणि आठ ते दहा आठवड्यांत राणीखेतची आर-२-बी ही लस कातडीखाली किंवा स्नायूत अर्धा मिलीलीटर द्यावी. आर-२-बी जोरकस असते. ती लहान पिलांना किंवा आधी लासोटा न मिळालेल्यांना दिली तर लसच त्रास देते. पुढची मात्रा किती महिन्यांनी द्यायची हे तुमच्या भागातील रोगाच्या हालचालीवर अवलंबून असल्याने ते पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. आमच्याकडे मे महिन्यात पावसाआधी आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात अशा दोन खेपा होतात.

नवख्यांची अडचण होते ती लसीच्या बाटलीपाशी. लहानात लहान बाटलीही साधारण शंभर मात्रांची असते, आणि तुमच्याकडे बारा कोंबड्या असतात. लस जिवंत विषाणूची असल्याने एकदा विरघळवली की बर्फावर ठेवूनसुद्धा दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरता येत नाही. वाडा एकत्र येण्याचे हे सर्वांत व्यावहारिक कारण आहे. आठ-दहा घरांनी मिळून एक बाटली आणली तर खर्च नगण्य होतो, आणि मुख्य म्हणजे सगळ्या घरांच्या कोंबड्यांना एकाच वेळी संरक्षण मिळते. तीन घरांनी लस दिली आणि पाचांनी दिली नाही, तर रोगाला त्या पाच घरांत फिरायला वाव राहतोच. वाड्यावरच्या भजनाला किंवा स्वयंसहाय्य गटाच्या बैठकीला सगळे जमतात तेव्हा एक दिवस ठरवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात तसे आधी कळवावे.

बाटली दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, म्हणून ती बर्फ भरलेल्या थर्मासमधून आणावी. स्कूटरच्या डिकीत, उन्हात, पिशवीतून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. विरघळवायला तिच्याबरोबर येणारे द्रावणच वापरावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन लसीतील विषाणू मारते. वेळ अंधार पडल्यानंतरची किंवा उजाडण्यापूर्वीची निवडावी, कारण दिवसा मोकळी कोंबडी पकडताना माणूस, कोंबडी आणि माडाची आळी या तिन्हींचे हाल होतात. पिलाला डाव्या तळहातात उताणे न धरता कुशीवर धरावे, अंगठ्याने व तर्जनीने डोके अलगद स्थिर करावे, थेंब डोळ्यावर सोडावा आणि पिलाची पापणी एकदा मिटून थेंब आत जाईपर्यंत सोडू नये. घाईत सोडले की ते डोके झटकते, थेंब जमिनीवर पडतो आणि वहीत मात्र "लस दिली" अशी नोंद होते. देवीची लस दिल्यावर सात ते दहा दिवसांनी पंख उघडून टोचल्या जागी लहान फोड किंवा खपली आली आहे का ते पाहावे. नसेल तर लस लागली नाही असे समजावे.

लस फक्त निरोगी पक्ष्यांना द्यावी, आणि ती दिल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात हे विसरू नये.

पाचवी पायरी : रोजचा क्रम

रोजच्या कामात बाकी काही जमले नाही तरी क्रम पाळावा : आधी पिले, मग मोठ्या कोंबड्या, मग अलगीकरणातले नवे पक्षी, आणि आजारी असेल तर ती सगळ्यांत शेवटी. नंतर हात साबणाने धुवावेत. राणीखेत आणि बर्ड फ्लू या दोन्हींच्या विषाणूंवर स्निग्ध आवरण असते आणि साबण ते फोडतो. महागडे जंतुनाशक नसले तरी साबण प्रत्येक घरात असतो. पाण्याचे भांडे रोज घासून उपडे करून उन्हात ठेवावे आणि पाणी पिताना त्यात पाय जाणार नाही इतके उंचावर ठेवावे. कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखाली एक जुनी गोणी अंथरली तर सकाळी तिच्यावरची विष्ठा नीट पाहता येते : घट्ट, करडी, वर पांढरी टोपी असलेली असेल तर ठीक, हिरवी पातळ किंवा रक्ताळलेली असेल तर त्या दिवशी जास्त लक्ष द्यायचे.

सहावी पायरी : पावसाळा

गोव्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो, तेवढ्यात खुराड्याची गादी (तळावर पसरलेले तूस किंवा भुसा) कोरडी ठेवणे हेच अर्धे रोगनियंत्रण आहे. रक्ती हगवण ही लहान पिलांना मारणारी व्याधी कॉक्सिडिया नावाच्या अतिसूक्ष्म परजीवामुळे होते. त्याची अंडीसदृश बीजे विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओलावा व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. नेहमीची जंतुनाशके त्यांना फारसे काही करत नाहीत; कोरडेपणा मात्र मारतो. म्हणून मे महिन्यातच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पोत्यांत भरून माळ्यावर ठेवावा, कारण जुलैत कोरडे तूस मिळत नाही. गादी दोन-तीन इंच जाड घालावी, रोज खराट्याने वरखाली करावी आणि भिजलेला भाग लगेच काढून टाकावा. ओलावा तपासायची सोपी रीत अशी की मूठभर गादी हातात घेऊन घट्ट दाबावी. मूठ उघडल्यावर ती सुटून पडली तर ठीक, लाडवासारखा गोळा राहिला तर बदलण्याची वेळ झाली, आणि डोळ्यांना अमोनियाची झणझण लागत असेल तर ती वेळ केव्हाच टळून गेली आहे.

रक्ती हगवणीवर औषध आहे, आणि पशुवैद्य ते पाण्यातून द्यायला सांगतात. पण ते वेळेवर सुरू व्हायला हवे. रक्त दिसल्याच्या दिवशीच जावे.

पावसाळ्याचा दुसरा पाहुणा म्हणजे डास. कोंबड्यांच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती आणि चोचीच्या कडेला येणारी देवी एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे डासांमार्फत पसरते. परसात पाणी साचलेल्या नारळाच्या करवंट्या, फुटके माठ, टायर आणि अळूच्या वाफ्याशेजारची डबकी रिकामी केली की देवीबरोबर माणसांचा डेंग्यूही दूर राहतो. देवीच्या खपल्यांत विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून गळून पडलेल्या खपल्या आणि गादी जाळून टाकावी.

सातवी पायरी : रानपाखरे आणि हिवाळा

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत करमळीच्या तळ्यावर आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून घोषित झालेल्या कुडचडे येथील नंदा तळ्यावर पाणपक्षी उतरतात. रानबदकांच्या अंगात बर्ड फ्लूचे विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतात. पाणपक्ष्यांना हाकलणे किंवा मारणे हा यावर उपाय नाही आणि ते बेकायदाही आहे. आपल्या कोंबड्या तळ्याच्या, खाजणाच्या किंवा पाणथळ शेताच्या काठी चरायला जाऊ न देणे, घरची बदके आणि कोंबड्या एकत्र न ठेवणे, आणि खाद्य-पाणी छपराखाली ठेवणे एवढे करता येते. आता वाड्यांवर मोरही मुक्कामाला असल्यासारखे फिरतात आणि त्यांच्या नाचाचे कौतुक करताना ते कोंबड्यांच्या भांड्यातले दाणे टिपतात याकडे कोणी पाहत नाही. खाद्य थोडे थोडे घालावे आणि उरलेले उचलून ठेवावे.

आठवी पायरी : लक्षणे वेळेत ओळखणे

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना मोजाव्यात. रात्री एकदा बॅटरी न लावता दाराशी दोन मिनिटे उभे राहावे. घरघर, शिंका किंवा चोच उघडून श्वास घेण्याचा आवाज शांततेत लगेच ऐकू येतो, दिवसा तो कोणालाच ऐकू येत नाही. राणीखेतमध्ये धाप, हिरवट पातळ हगवण, पंख-पाय लुळे पडणे, मान मुरगळणे आणि अंडी अचानक कमी किंवा मऊ कवचाची होणे अशी लक्षणे दिसतात. नुसते नाक वाहणे आणि डोळ्यांखाली सूज असेल तर सर्दीचा जिवाणूजन्य रोग असू शकतो. बर्ड फ्लूत डोके व लोलक (चोचीखाली लोंबणारे मांस) सुजतात, तुरा निळाजांभळा पडतो, पायांवर रक्ताळलेले डाग येतात आणि काही वेळा लक्षणे दिसण्याआधीच एकामागून एक पक्षी मरतात. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. अनुभवी डॉक्टरही प्रयोगशाळेशिवाय सांगत नाहीत, मग वाड्यावरच्या जाणत्याने सांगितले म्हणून विश्वास ठेवू नये.

नववी पायरी : मर लागली त्या दिवशी

एक-दोन दिवसांत दोनहून अधिक कोंबड्या मेल्या किंवा आजारी पडल्या, तर पुढच्या गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. सगळ्या कोंबड्या आत कोंडाव्यात. आजारी असतील त्या वेगळ्या कराव्यात. वाड्यावरच्या प्रत्येक घरी सांगावे, संकोच बाजूला ठेवून, आणि त्यांनाही कोंबड्या कोंडायला सांगावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करावा. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आल्यास गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि राणीखेत व बर्ड फ्लू हे दोन्ही त्या कायद्याच्या यादीत आहेत.

या दिवशी काय करू नये हे त्याहून महत्त्वाचे, कारण मर गावोगाव पसरते ती बहुतांशी घाबरलेल्या मालकांमुळे. उरलेल्या कोंबड्या मरण्याआधी विकून टाकाव्यात, पाहुण्यांना द्याव्यात किंवा कापून फ्रिजमध्ये भराव्यात असे वाटणे समजण्यासारखे आहे, पण त्यातली प्रत्येक कोंबडी रोग घेऊन नव्या वाड्यावर जाते. माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या चुरून पाण्यात घालणे बंद करावे. विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही आणि अंड्यांत औषधाचा अंश उतरतो. हळद-लसणीने नुकसान होत नाही, पण तिच्या भरवशावर दोन दिवस जातात.

मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे नसतील तर हातावर प्लास्टिकची पिशवी उलटी चढवून तीच पिशवी उलटवून गाठ मारावी, नाकातोंडावर मास्क असावा, आणि मुलांना दूर ठेवावे. तपासणीसाठी डॉक्टरांनी मागितली तरच ती दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात न्यावी; गोठवू नये. बर्ड फ्लूचा संशय असेल तर ती कुठेही नेऊ नये, पथकाला बोलवावे. असे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात.

इतर वेळी मेलेले पक्षी किमान तीन-चार फूट खोल खड्ड्यात, वर-खाली चुना टाकून पुरावेत. ओढ्यात, खाजणात किंवा काजूच्या डोंगरावर फेकलेला पक्षी कुत्रे, कावळे आणि घोरपडी दुसऱ्या दारी पोहोचवतात. किनाऱ्यालगतच्या आणि खाजणाकाठच्या गावांत दोन फुटांवर पाणी लागते. तिथे विहिरीपासून दूर, उंचवट्याची जागा आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे मुसळधार पावसात कुदळ घेऊन जागा शोधत फिरावे लागत नाही.

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात नवापूर येथे झाला. आताचे सरकारी धोरण असे आहे की रोग निश्चित झाल्यास उद्रेकाच्या केंद्रापासून एक किलोमीटरच्या परिसरातील पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवून ठेवणाऱ्याचे नुकसान त्यामुळे दुप्पट होते. बाकी, नीट शिजवलेल्या अंड्या-मांसाची भीती बाळगू नये. सत्तर अंशांच्या वर सगळीकडून शिजलेल्या रश्शात हा विषाणू टिकत नाही. धोका कच्चे मांस हाताळताना असतो.

दहावी पायरी : पुन्हा सुरुवात

रिकामे खुराडे लगेच भरू नये. जंतुनाशक विष्ठेच्या थरावर ओतले तर वाया जाते, म्हणून आधी खरवडून गादी जाळावी किंवा पुरावी, मग साबणाच्या पाण्याने घासून धुवावे, सुकू द्यावे, आणि त्यानंतर दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळून सगळीकडे मारावी. भिंतींना चुना लावावा. खुराड्यापुढची वरची दोन बोटे माती खरवडून तिथे चुना पसरावा आणि निदान एक महिना, पावसाळ्यात झाले असेल तर चार ऊन दिसेपर्यंत, जागा मोकळी ठेवावी. गंबोरोचा विषाणू याहून चिवट असतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तो निश्चित झाला असेल तर पुढच्या पिलांना वेळेवर लस दिल्याशिवाय त्या जागी सोडू नये.

शेजाऱ्यांकडची शेवटची आजारी कोंबडी बरी झाली किंवा गेली त्याला तीन आठवडे उलटले आहेत का, हेही विचारून घ्यावे. मग दोन-तीनच पिले आणावीत, ती आणल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावी, आणि तिथून सहावा दिवस मोजून शेजारच्या काकींना सांगून ठेवावे, म्हणजे त्याही आपली पिले त्या दिवशी लसीसाठी घेऊन येतील.